पोलादाच्या साच्याला दारूगोळा म्हणणारा कायदा

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. तीत रॉकेट, बॉम्ब, हातबॉम्ब, पाणतीर आणि विखंडनक्षम पदार्थ भरलेल्या वस्तू क्रमाने येतात, आणि पुढे सहाव्या क्रमांकावर 'दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री' असे शब्द येतात. या शब्दांचा सरळ अर्थ लावला, तर रायफलचे रिकामे काडतूस पुन्हा भरण्यासाठी लागणारा डाय, म्हणजे मुठीत मावणारा, आतून घासून गुळगुळीत केलेला पोलादी साचा, हा कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा ठरतो. त्यात दारूचा कण नसतो. तो स्वतःहून काही उडवू शकत नाही. तरीही बॉम्ब आणि तो एकाच व्याख्येत, एकाच पंक्तीला बसलेले आहेत.

जिल्हा दंडाधिकारी या नात्याने अनेक वर्षे शस्त्र परवान्यांच्या नस्त्यांवर मी सह्या केल्या आहेत. त्यामुळे या लेखातील तक्रार जितकी कायद्याविरुद्ध आहे तितकीच माझ्या स्वतःच्या सहीविरुद्धही आहे. डाय म्हणजे काय, नवशिक्याने तो कसा निवडावा आणि कसा वापरावा, हेही मी येथे सविस्तर सांगणार आहे, कारण जी वस्तू कधी डोळ्यांनी पाहिली नाही तिच्यावर टिपणी लिहिण्याची आपल्या सेवेत जुनी परंपरा आहे, आणि या प्रकरणातील सारा अनर्थ त्या परंपरेतून उद्भवला आहे.

प्रसंग एका हिंदीभाषक राज्यातील जिल्ह्याचा आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका परवानाधारक नेमबाजाने अर्ज केला, की परदेशातील नातेवाइकाकडून .30-06 रायफलच्या काडतुसांसाठी डायचा एक संच आणायचा आहे, तरी अनुमती मिळावी. अर्ज सरळ होता. शस्त्र शाखेतील लिपिकाने 'डाई' हा शब्द वाचून प्रथम अशी शंका घेतली, की केस काळे करण्याच्या पदार्थासाठी दंडाधिकाऱ्यांची अनुमती कशाला हवी? शंकेचे निरसन झाल्यावर नस्ती पोलीस अधीक्षकांकडे गेली आणि अर्जदाराचे कोणाशी वैमनस्य नाही, चारित्र्य उत्तम आहे, असा छापील अहवाल घेऊन परतली. डायविषयी त्या अहवालात एक अक्षर नव्हते. मग विधी शाखेने लिहिले: ही 'यंत्रसामग्री' आहे, म्हणून ती दारूगोळा आहे, आयातीला कलम 10 खालील परवाना लागेल, आणि तिच्या साहाय्याने काडतूस भरणे हे 'निर्माण' असल्याने कलम 5 खालील परवानाही लागेल. कलम 5 चा परवाना कारखानदाराचा असतो. एका रायफलीच्या मालकाने वर्षाकाठी दोनशे काडतुसे स्वतःसाठी भरावीत, ही कल्पनाच अधिनियमात नाही. पुनर्भरण हा शब्दही त्यात नाही. मी अर्ज नामंजूर केला. कलम 14 प्रमाणे कारणे लेखी नोंदवली आणि ती कायद्यात चोख बसत होती.

पुढे अभ्यासरजेवर एक वर्ष अमेरिकेत राहण्याचा योग आला, तेव्हा मी काय नामंजूर केले होते हे मला कळले. शेजारी एक वृद्ध यंत्रकारागीर राहत असे. हयातभर लेथवर काम केलेला हा मनुष्य रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये काडतुसे भरत बसे. शिकण्याची इच्छा मी दाखवली तेव्हा त्याने आधी त्याच्या देशाचा कायदा सांगितला. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परकीयाने तेथे बंदूक वा दारूगोळा बाळगणे हा गुन्हा आहे, मात्र एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असल्यास सूट मिळते. तेथील व्याख्येनुसार दारूगोळ्यात काडतूस, रिकामी पुंगळी, प्राइमर, गोळी आणि दारू एवढ्या वस्तू येतात. डाय त्यात नाही. म्हणजे माझ्यासारख्याने जमिनीवर पडलेली रिकामी पुंगळी उचलून खिशात टाकणे आक्षेपार्ह, पण डाय उचलून पाहण्यास कसलीच आडकाठी नाही. मी निमूटपणे शिकारीचा परवाना काढला. शिकार एकही केली नाही.

आता त्या साच्याविषयी. काडतुसाचे चार घटक असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्राइमर, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर तिघे संपतात, पुंगळी उरते, आणि चारांत तीच सर्वांत महाग असते. दाबाने ती फुगून रायफलच्या चेंबरच्या भिंतींना चिकटते व किंचित आकसून सुटते. तिला पुन्हा मापात आणणे हे पहिल्या डायचे काम, आणि तिच्या मानेत नवी गोळी सरळ बसवणे हे दुसऱ्याचे. रायफलचा संच बहुधा या दोनच डायांचा असतो. नवशिक्याला दुकानदार चार-पाच डायांचे संच दाखवतो, सूक्ष्ममापी डोके असलेले, मानेसाठी बदलता येणाऱ्या कड्या असलेले. ते सारे पुढच्या इयत्तांचे आहे. शेजारी म्हणे, पहिल्या वर्षी डायवर वाचवलेले पैसे चांगल्या कॅलिपरवर आणि खांदा मोजण्याच्या गेजवर घाल. नाव कोणाचे आहे याने फारसे बिघडत नाही. आरसीबीएस, ली, रेडिंग, हॉर्नाडी या सर्वांचे नेहमीचे रायफल डाय एकाच आट्यांचे असतात, पाऊण नव्हे तर सात-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चौदा आटे. त्यामुळे एकाचा डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसतो. शेल होल्डर, म्हणजे पुंगळीचे बूड धरणारा तुकडा, मात्र बुडाच्या मापाचाच हवा.

खरेदीपूर्वी आपली पुंगळी पाहावी. .22 रिमफायर असेल तर विषय तेथेच संपतो, कारण तिचे स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि ती पुन्हा भरण्याजोगी नसते. आपल्या देशात हा प्रश्न कधी ऐरणीवर का आला नाही, याचे एक कारण येथे आहे असे मला वाटते. अभिनव बिंद्रा यांचे 2008 चे सुवर्ण एअर रायफलचे, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांचे 2024 चे कांस्य .22 रायफलचे. मोठ्या काडतुसांची 300 मीटरची स्पर्धा 1972 नंतर ऑलिंपिकमध्ये नाही. ज्या खेळाला पदक नाही त्याच्या अडचणींना दिल्लीत टेबल मिळत नाही.

सेंटरफायर पुंगळी असेल तर टॉर्च धरून आत पाहावे. मध्यभागी एकच छिद्र दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची. दोन लहान छिद्रे आडबाजूला दिसली तर बर्डन पद्धतीची. नेहमीच्या डायमधील जुना प्राइमर ढकलणारी पिन मध्यावर असते. बर्डन पुंगळीत ती घुसवली तर पिन वाकते किंवा मोडते. (बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात बर्डनची. इतिहासाला असले विनोद आवडतात.)

यानंतर खरा वाद येतो: पुंगळी संपूर्ण मापात आणणारा डाय घ्यावा की फक्त मान आवळणारा? नवशिक्याला बहुतेक जण पहिला सुचवतात आणि ते योग्यच आहे. त्यातून निघालेले काडतूस चेंबरमध्ये न अडखळता बसते. मानेपुरता डाय पितळावर कमी ताण आणतो, पण तीच रायफल, त्याच पुंगळ्या, अशी शिस्त त्याला लागते, आणि काही फेऱ्यांनंतर पुंगळी शेवटी पहिल्या डायमधून काढावीच लागते. माझा आक्षेप निवडीला नाही, वापराच्या छापील सूचनेला आहे. अनेक संचांबरोबर येणारा कागद सांगतो, की प्रेसचा दांडा वर नेऊन डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि वर आणखी पाव आटा आवळा. ही सूचना सर्वांना सारखी लागू पडावी म्हणून लिहिलेली आहे, म्हणूनच ती कोणाच्याच रायफलीसाठी लिहिलेली नाही. आपल्या परिपत्रकांचा स्वभाव नेमका असाच असतो. पाव आटा आवळल्याने पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. पुढच्या बाराला पितळ पुढे ताणले जाऊन ती पोकळी भरून काढते, आणि हे दर वेळी झाले की बुडाच्या थोडे वर भिंत पातळ होत जाते.

ती पातळ जागा मी पाहिली आहे. शेजाऱ्याकडे एक जुनी .303 ली-एनफिल्ड होती. आपल्याकडे सैन्याचे माप म्हणून .303 प्रतिबंधित आहे, पण तेथे ती भिंतीवर टांगलेली असे. या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि चेंबरमध्ये ते त्या कडेवर टेकते, खांद्यावर नाही. जुन्या युद्धकालीन चेंबरात खांद्यापुढे जागा सढळ सोडलेली असते, म्हणून दर वेळी पूर्ण मापात आवळलेली पुंगळी दर वेळी तेवढीच ताणली जाते. त्याने एक पुंगळी माझ्या हातात दिली. बुडाच्या वर चकचकीत वलय दिसत होते. मग टोकाशी वाकवलेली बारीक तार आत घालून हळूहळू वर ओढायला सांगितले. तार एका खाचेत अडकली. 'यानंतरच्या बाराला ही दोन तुकड्यांत निघेल,' तो म्हणाला, 'आणि तापलेला वायू कुठे जाईल ते तुझ्या तोंडाने ठरवायचे नाही.' कडा असलेल्या काडतुसांना मानेपुरता डाय हितकर असतो तो यासाठी. आपल्या .315 स्पोर्टिंग रायफलचे काडतूसही कडेचेच आहे.

.30-06 सारख्या बिनकडेच्या काडतुसासाठी बोल्टच्या रायफलीत खांदा फक्त हजारांश इंचाने, फार तर दोन हजारांशाने मागे जावा. दोन हजारांश म्हणजे टिपणीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मे. हे डोळ्याने समजत नाही. उडालेली पुंगळी गेजने मोजावी, डाय सैल ठेवून सुरुवात करावी, थोडा आवळावा, पुन्हा मोजावे, आणि माप साधले की नट घट्ट करावा. पुंगळीची एकूण लांबीही प्रत्येक वेळी तपासावी. .30-06 ची कमाल लांबी 2.494 इंच, तिच्यापुढे गेलेली मान चेंबरच्या तोंडाशी चेपली जाऊन गोळीला चिमटा काढते आणि दाब भलताच चढतो. लांबलेली पुंगळी 2.484 इंचांपर्यंत कापावी.

वंगणाविषयी एवढेच, की पहिल्या दिवशी मी ते लावायला विसरलो. पुंगळी डायमध्ये अशी रुतली की दांडा मागे ओढताना बुडाची कडा फाटून आली. शेजाऱ्याने एक शब्द न बोलता बूड ड्रिलने भोकले, आटे पाडले, बोल्ट घातला आणि ती ओढून काढली. दुसऱ्या दिवशी मी भरपूर वंगण चोपडले, तेव्हा खांद्यावर खळगे पडले, कारण तेलाला जायला जागा नसते. तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांवर पुसट थर घेऊन पुंगळीच्या धडावर फिरवायला आणि मानेच्या आत किंचित ग्रॅफाइट लावायला जमले. गोळी बसवण्याच्या डायमध्ये बहुधा तोंड आवळणारी कडही असते. गोळीवर खाच नसेल तर डाय एक आटा वर ठेवून ती कड वापरातच आणू नये.

हे सारे लांबवून सांगितले ते एवढ्यासाठी, की वाचकाने स्वतः विचार करावा: यात सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नेमका कोठे आहे? दारूत आहे. प्राइमरमध्ये आहे. आणि न मोजता काम करणाऱ्या माणसात आहे. डाय हा या साखळीतील एकमेव घटक असा, की जो जितका चांगला असेल तितका धोका कमी होतो. आपल्या कायद्याने नेमके त्यालाच आरोपी केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय दारूगोळा निर्माण करण्याची किमान शिक्षा सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. पूर्वी ती तीन ते सात वर्षे होती. बेकायदा कारखाने चालवणाऱ्यांसाठी ही वाढ मला मान्य आहे. पण त्याच खंडात आपल्या परवान्याच्या रायफलीसाठी वीस पुंगळ्या मापात आणणारा निवृत्त सुभेदारही सापडतो, आणि त्याला वेगळा काढण्याची सोय न्यायाधीशाला कलमात कोठे दिसत नाही.

इतर देशांनी नियंत्रणाची जागा विचारपूर्वक निवडली आहे. जर्मनीत काडतुसे भरणाऱ्याला स्फोटक कायद्याच्या कलम 27 खाली अनुज्ञा लागते. त्यासाठी शिक्षणक्रम, परीक्षा आणि विश्वासार्हतेची तपासणी आहे, आणि अनुज्ञा दारूसाठी आहे. डाय व प्रेस कोणीही विकत घ्यावेत. ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याने प्राइमरच्या विक्रीवर बंधन आणले: योग्य प्रमाणपत्र दाखवल्याखेरीज ते मिळत नाहीत. तेथील बंदुकीचे कायदे सैल आहेत असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेचा नमुना मात्र मी सुचवणार नाही. स्वतःपुरते भरणाऱ्याला तेथे संघीय परवाना लागत नाही, शिक्षणही लागत नाही, आणि माझ्या शेजाऱ्यासारखा गुरू प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो.

माझे पोलीस मित्र यावर एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, आमच्याकडे .315 चे काडतूस परवानाधारकाकडून गावठी कट्ट्यात जाते. त्यावर आमच्या हाती एकच हिशेब आहे: अनेक जिल्ह्यांत नवी काडतुसे घेताना रिकाम्या पुंगळ्या जमा कराव्या लागतात. पुंगळी पुन्हा भरू दिली तर तो हिशेबच मोडेल. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा इलाज डायमध्ये नाही. कट्टा बनवणाऱ्याला खांदा दोन हजारांश मागे न्यायचा नसतो. तो हातोडी आणि सळईवर भागवतो, आणि डाय लागलाच तर कोणत्याही लेथवर कातून घेऊ शकतो. लेथ आपण दारूगोळा ठरवलेले नाहीत. प्राइमर आणि धूरविरहित दारू मात्र लेथवर होत नाही. ती मोजता येते, तोलता येते, कोणी किती घेतली याची नोंद ठेवता येते. त्यासाठी 1884 चा स्फोटक अधिनियम आणि 2008 चे नियम आधीच हाताशी आहेत आणि ते राबवणारी यंत्रणा, जिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तीही आहे. परवान्याच्या वहीत पुंगळ्यांच्या स्तंभाशेजारी प्राइमरचा स्तंभ आखला, तर हिशेब मोडण्याऐवजी अधिक बारीक होईल.

नेमबाज मंडळींनाही एक बोलून दाखवतो. आमच्यावर विश्वास ठेवा आणि नियम काढून टाका, ही त्यांची नेहमीची मागणी मला पटत नाही. 2020 मध्ये गृह मंत्रालयाने नामवंत नेमबाजांसाठी शस्त्रांची मर्यादा बारापर्यंत वाढवली, सराव-काडतुसांचे प्रमाणही वाढवले. सवलत मिळाली, शिक्षणाची अट कोणी मागितली नाही. भरलेले काडतूस फुटले तर शेजारच्या लेनवरच्या मुलाच्या डोळ्यालाही इजा होते. परीक्षा द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे, मग भरावे.

तोवर कायदा आहे तसा आहे, आणि लेखी अनुमतीखेरीज कोणीही टपालाने डाय मागवू नये. सीमाशुल्काच्या दरपत्रकात 82 वे प्रकरण अवजारांचे आणि 93 वे शस्त्रास्त्रांचे आहे. डाय 82 मध्ये बसतो असा युक्तिवाद तुम्ही कितीही सुंदर केलात, तरी गोदामातील अधिकारी शस्त्र अधिनियमाची व्याख्या पुढे करील आणि तो चूक ठरणार नाही.

संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. अधिनियमाचे कलम 41 केंद्र सरकारला कोणत्याही वर्णनाचा दारूगोळा अधिसूचनेने, अटींसह, सूट देण्याचा अधिकार देते. डाय हा दारूगोळा असल्याचे आपणच ठरवले आहे, तेव्हा त्यालाही ते कलम लागू पडते. निवृत्तीपूर्वी मी या आशयाचा प्रस्ताव राज्य शासनामार्फत पाठवला. मसुदा दोन वाक्यांचा होता. पहिले: सेंटरफायर रायफलचा वैध परवाना असलेल्या आणि विहित प्रशिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीस, त्या परवान्यातील शस्त्राच्या काडतुसांचे डाय व हाताने चालणारा एक प्रेस बाळगण्यास व स्वतःपुरता वापरण्यास कलम 5 व 10 मधून सूट राहील. दुसरे: अशा व्यक्तीने घेतलेल्या दारू व प्राइमरची नोंद परवान्यावर केली जाईल. पोच आली. त्यानंतर आलेल्या एकमेव पत्रात विचारणा होती, की प्रस्तावातील 'डाय' ही संज्ञा स्पष्ट करण्यात यावी.